सरी म्हणजे झालं नव्हे

पुण्या-मुंबईहून बंगळुरात येणाऱ्याला कानडीतला पहिला शब्द भेटतो तो बहुधा 'स्वल्प'. रिक्षावाला स्वल्प थांबा म्हणतो, भाजीवाली स्वल्प सुटे मागते. दुसरा शब्द 'सरी'. तो शिकावा लागत नाही, अंगाला चिकटतो. घरमालक सरी म्हणतो, दूधवाला सरी म्हणतो, आणि वर्ष उलटायच्या आत आपणही फोन ठेवताना सरी म्हणायला लागतो. मला इथे येऊन निम्मं आयुष्य झालं. माझी मुलं चार भाषांची मिसळ करून बोलतात. पण मी सरी म्हणत नाही. 'बरं' म्हणतो, 'ठीक आहे' म्हणतो. लग्नानंतर बायकोच्या हे लक्षात आलं तेव्हा तिने विचारलं होतं. मी विषय बदलला. विषय बदलणं मला चांगलं जमतं.

आज बदलत नाही.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. माझ्याबरोबर पुण्याहून आलेले मित्र वायटूकेच्या कामाला लागले. जुन्या प्रोग्रॅममधल्या दोन आकडी वर्षांना चार आकडी करत ते अमेरिकेच्या व्हिसाची वाट बघत बसायचे. मी शिरलो इंदिरानगरातल्या एका घराच्या वरच्या मजल्यावर चालणाऱ्या लहानशा कंपनीत. खाली घरमालक, वर आम्ही. हॉलमध्ये टेबलं, बेडरूममध्ये सरांचं केबिन, आणि स्वयंपाकघरात कॉफीचं सामान. आम्ही लोकांना वेबसाइट करून द्यायचो. आधी वेबसाइट म्हणजे काय ते समजावायचो, मग करून द्यायचो. सर म्हणजे मालक, दिल्लीचे. बंगळुरात बरीच वर्षं काढूनही ते कानडीच्या वाऱ्याला उभे राहिले नव्हते, आणि मराठीशी तर त्यांचा संबंधच नव्हता. हे पुढे महत्त्वाचं आहे.

तिथे अक्का होती. अक्का म्हणजे कानडीत थोरली बहीण. ती आमच्यापेक्षा वयाने थोडी मोठी, म्हणून सगळे तिला तेच म्हणत, सरसुद्धा. चामराजपेटची. घरात मराठी, पण पिढ्यान्‌पिढ्या इथलीच माणसं. पहिल्या दिवशी तिचं फोनवरचं बोलणं कानावर पडलं आणि मी चकित होऊन विचारलं, की तुम्ही मराठी आहात का. तिने मला खालून वर पाहिलं.

"आम्ही मराठीच," ती म्हणाली. "तू पुणेरी."

त्या दिवसापासून मी पुणेकर झालो.

तिची भाषा मला गमतीची वाटायची, आणि ते मी लपवत नसे. तिने 'स्वल्प' म्हटलं की मी मागून 'थोडं' म्हणायचो, शुद्धलेखन तपासल्यासारखं. ती चिडत नसे. एकदा एवढंच म्हणाली, "तुझी मराठी इस्त्रीची आहे रे. आमची अंगावरची." शिंप्याच्या घरातलं बोलणं. तिच्या वडिलांचं कपडे शिवायचं दुकान होतं आणि अख्खी गल्ली त्यांना मास्टर म्हणायची. टेलर मास्टर.

सरीवरून माझी फजिती झाली ती अगदी सुरुवातीला. एका पानावरची चित्रं बदलायला मी तिला सांगितलं, ती "सरी" म्हणाली, आणि मी केबिनमध्ये जाऊन सरांना सांगून आलो की झालं. सरांनी पान उघडलं तर जुनीच चित्रं. मी तणतणत तिच्या टेबलाशी गेलो. तिने मान वर न करता मला धडा दिला. "सरी म्हणजे झालं नव्हे, पुणेकरा. सरी म्हणजे ऐकलं. झालं की मी झालं म्हणीन." मग आमच्यात ती एक थट्टाच झाली. मी विचारायचो, "सरी, की झालं?" आणि ती कधी एक म्हणायची, कधी दुसरं. हे एवढं तपशिलात सांगतोय, कारण सरीचा अर्थ मला माहीत नव्हता असं पुढे कुणाला वाटायला नको. मला स्वतःलाही नको.

मग आमच्याकडे एका रेशमी कापडाच्या व्यापाऱ्याचं काम आलं. त्याचा माल परदेशी जायचा. त्याला साइटवर ऑर्डरचा फॉर्म हवा होता: तिकडच्या माणसाने रंग, वार, पत्ता भरायचा, बटण दाबायचं, की इकडे ईमेल. आज याचं हसू येईल. तेव्हा ते मोठं काम होतं, आणि कामाचे तुकडे वेगवेगळ्या मशीनवर पसरले होते. पानं आणि चित्रं अक्काच्या मशीनवर, फॉर्ममागचा प्रोग्रॅम माझ्या मशीनवर, मालाचे नमुने तिसऱ्याच. पानांमध्ये मात्र जागोजागी साइटचं खरं नाव लिहिलेलं. त्यामुळे अक्काच्या पानावरून फॉर्मची लिंक दाबली की ब्राउझर माझ्या मशीनकडे यायच्याऐवजी बाहेरच्या जगात जायचा. मोडेम किंचाळायचा आणि खऱ्या साइटवरचं जुनंपानं काहीतरी घेऊन यायचा. आपण केलेलं काम एकसंध बघायची सोयच नव्हती.

यावरचा उपाय मी एका संगणकाच्या मासिकात वाचला होता. त्याला रिव्हर्स प्रॉक्सी म्हणतात. मी अक्काला ते सांगायला लागलो तर तिने पहिल्या शब्दालाच अडवलं.

"प्रॉक्सी म्हणजे कॉलेजात मारतात ती?"

मी म्हटलं, तीच. गैरहजर मुलाच्या नावाला दुसऱ्याने येस सर म्हणायचं.

"मग उलटी प्रॉक्सी म्हणजे काय?"

मी समजावलं, की एकच मशीन पुढे ठेवायचं. साइटच्या नावाने हाक आली की ओ त्याने द्यायची. मग मागणी बघून आतल्या योग्य मशीनकडून काम करून घ्यायचं आणि उत्तर आपल्याच नावाने बाहेर द्यायचं. विचारणाऱ्याला आत कोण आहे याचा पत्ता नसतो.

"म्हणजे आमचं दुकान," अक्का म्हणाली. "अप्पा गल्ल्यावर. आत काज कोण करतं, हातशिलाई कोण घालतं, गिऱ्हाइकाला काय ठाऊक? ते म्हणतं मास्टरनी शिवलं." मग तिने जरा विचार केला. "कॉलेजात गैरहजर असतो त्याची हजेरी लागते. हितं हजर असतो त्याची गैरहजेरी."

आम्ही ते दोघांनी मिळून बसवलं. एक जुनं, वरचं झाकण हरवलेलं मशीन होतं. ते ठेवायला जागा नव्हती म्हणून स्वयंपाकघरातल्या ओट्यावर, कॉफीच्या फिल्टरशेजारी ठेवलं, आणि मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरून त्यात लिनक्स भरलं. कोणत्या वाटेची मागणी कुठल्या मशीनकडे वळवायची हे मी लिहिलं. आता उरलं ते ऑफिसातल्या प्रत्येक संगणकाला पटवणं, की त्या व्यापाऱ्याच्या साइटचा पत्ता म्हणजे आपल्या ओट्यावरचं हे मशीन. त्यासाठी प्रत्येक संगणकात एक साधी फाइल असते. तिच्यात नावापुढे पत्ता लिहिला की संगणक बाहेर कुणाला विचारतच नाही, त्या एका ओळीवर डोळे मिटून विश्वास ठेवतो. अक्का प्रत्येक टेबलाशी गेली आणि तिने ती ओळ घातली. सरांच्या मशीनवरही.

उत्साहाच्या भरात तिने ती ओट्यावरच्या मशीनमध्येही घातली. आणि मालाच्या नमुन्यांची मागणी पुढे पाठवताना मी घाईत आतल्या मशीनऐवजी साइटचं नावच लिहून ठेवलं होतं. झालं काय, की ओट्यावरच्या मशीनला नमुने विचारले की ते साइटच्या नावाने पुढे विचारायचं, ती मागणी फिरून त्याच्याकडेच यायची, ते पुन्हा विचारायचं, असं करत करत ते गोठलं. चूक दोघांची होती, म्हणून दोघांनाही सापडेना. सापडली तेव्हा अक्का ओट्याला टेकून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. म्हणाली, गल्ल्यावरचा माणूस कपडा घेऊन आत जातोय आणि मागच्या दाराने परत गल्ल्यावरच येऊन उभा राहतोय.

ते चालायला लागलं तेव्हा मात्र जादू वाटली. खरं नाव टाइप करावं आणि मोडेमचा आवाजही न होता आपलीच नवी साइट समोर यावी. यातला धोका अक्काने त्याच दिवशी ओळखला. ही साइट आपल्यालाच दिसते, जगाला नाही, हे विसरायला होईल, असं ती म्हणाली. म्हणून तिने एक रीत ठरवली: खऱ्या सर्व्हरवर, म्हणजे आमच्या भाषेत लाइव्हवर, काही चढवलं की आपल्या मशीनमधली ती ओळ काढायची आणि मग बघायचं. ओळ काढून बघितल्याशिवाय झालं म्हणायचं नाही.

सर कॉफी घ्यायला आत आले, ओट्यावरचा तो सांगाडा बघून थबकले आणि काम समजल्यावर खूश झाले. कुणी केलं, त्यांनी विचारलं. अक्का कप विसळत होती. मी म्हणालो, "मैंने लगाया, सर."

ते गेल्यावर अक्काने कप पालथा घातला. "प्रॉक्सी मारलीस," ती म्हणाली. हसतच म्हणाली. मीही हसलो.

आता तिचं काय पणाला लागलं होतं ते सांगतो. ती त्या कंपनीत पानं टाइप करायला म्हणून लागली होती. बाकीचं तिने तिथेच बसून, विचारून, मोडून-जोडून शिकलं होतं. लाइव्हचा पासवर्ड ऑफिसात दोघांकडेच होता, सर आणि अक्का. सरांनी तिला शब्द दिला होता, की व्यापाऱ्याची साइट नीट उभी राहिली की तिचा हुद्दा बदलेल आणि तिच्या नावाची कार्डं छापली जातील: वेबमास्टर. त्या शब्दावर ती जीव टाकायची. "घरात दोन मास्टर होणार," असं ती सगळ्यांना सांगत फिरायची. तिच्या धाकट्या भावाला कापड कापता येत नव्हतं, त्यावरून घरात कायम बोलणी व्हायची, आणि आता मास्टर होणार होती ती मुलगी. 

गौरीचा आदला दिवस होता. इकडे गणपतीइतकाच गौरीचा सण. व्यापाऱ्याचा माणूस परदेशातल्या एका प्रदर्शनाला निघाला होता आणि तिथे तो लोकांना साइट उघडून फॉर्म भरायला लावणार होता. पानं अक्काने सकाळीच चढवून, बघून ठेवली होती. राहिला होता माझा प्रोग्रॅम. तो माझ्या दिरंगाईमुळे राहिला होता, दुसरं कारण नव्हतं. दुपारी अक्काला निघायचं होतं. ती स्वल्प थांबते म्हणाली, थांबली, माझं होईना. शेवटी तिने आजूबाजूला बघितलं, माझ्या खुर्चीशी वाकली आणि मला लाइव्हचा पासवर्ड सांगितला. हे नियमाबाहेर होतं. फाइल चढव, तिला चालायची परवानगी दे, ओळ काढून बघ, एवढं तिने सांगितलं आणि ती मार्केटच्या बसला धावली.

परवानगीचं असं, की त्या सर्व्हरवर प्रोग्रॅमची फाइल नुसती पोचून भागत नाही. तू चालू शकतेस, असं तिला वेगळं सांगावं लागतं. माझ्या मशीनवर ते केव्हाच सांगून झालं होतं. लाइव्हवर सांगायचं मी विसरलो. फोनची लाइन मध्येच तुटत होती, त्यात फाइल एकदाची चढली आणि मी सुटलो. ब्राउझरमध्ये साइटचं नाव टाकलं, फॉर्म भरला, बटण दाबलं. आभाराचं पान आलं. ईमेलही आला. मी सरांना जाऊन सांगितलं, की फॉर्म लाइव्ह आहे. चढवला अक्कानेच असेल, असं त्यांनी धरलं.

मग अक्काच्या दुकानात फोन केला. तिच्या वडिलांनी घेतला. मागे शिलाईच्या मशीनचा आवाज चालू होता. मी कुठून बोलतोय ते कळल्यावर त्यांच्या आवाजात हसू आलं. "कोण हवंय? वेबमास्टर काय?" ते म्हणाले आणि आत वळून हाक मारली. अक्का आली. बागिनाची सुपं भरतेय म्हणाली. गौरीला सवाष्णींना द्यायचं ते वाण. मी सांगितलं, चढलं, चालतंय.

"ओळ काढून बघितलंस?"

"हो हो," मी म्हणालो.

वडीलधाऱ्याने जेवलास का विचारल्यावर म्हणतो तसं मी ते म्हणालो. खोटं बोलायचं ठरवून बोललो नाही. पण म्हणून ते खरं होत नाही. माझ्याच हो-होने मला जरा टोचलं असावं, कारण मी लगेच पुढे म्हणालो, की जमलं तर तूही घराजवळच्या ब्राउझिंग सेंटरमधून एकदा बघून घे.

"सरी," अक्का म्हणाली.

फोन ठेवल्यावर मी माझ्या मशीनकडे पाहिलं. ओळ काढायला काही वेळ लागला नसता. खाली मित्र स्कूटर घेऊन उभे होते. मी मशीन बंद केलं.

सणाच्या सुट्टीनंतर ऑफिस उघडलं आणि व्यापाऱ्याचा फोन आला. प्रदर्शनात एकही फॉर्म गेला नव्हता. माणसं रंग-वार-पत्ता सगळं भरायची आणि बटण दाबलं की चूक झाल्याचा संदेश. सरांनी कान आणि खांद्यात फोन धरून आपल्या मशीनवर साइट उघडली. सुरळीत चालली. इथे चालतंय, तुमच्याच मशीनमध्ये दोष असेल, असं ते व्यापाऱ्याला ठणकावून सांगत राहिले. मी हॉलमध्ये बसून ऐकत होतो. सरांच्या मशीनमध्ये ती ओळ होती. जगात फक्त आमच्या वरच्या मजल्यावर तो फॉर्म चालत होता. शेवटी व्यापाऱ्याने त्यांना येऊन डोळ्यांनी बघायला सांगितलं आणि सर स्कूटर काढून गेले.

ते गेल्यावर मी माझ्या मशीनमधली ओळ काढली. मोडेम लावला. फॉर्म भरून बटण दाबलं. काय येणार ते मला माहीत होतं, आणि तेच आलं. मी लाइव्हवर जाऊन फाइलला परवानगी दिली. पुन्हा बटण दाबलं. चाललं. इतकंच होतं ते.

सर परत आले ते बसलेदेखील नाहीत. व्यापाऱ्याच्या माणसांसमोर त्यांचा पाणउतारा झाला होता. माझ्या टेबलाशी उभं राहून त्यांनी विचारलं, लाइव्हवर चेक कुणी केलं होतं.

मी म्हणालो, "अक्का को बोला था, सर."

"तो?"

"उसने सरी बोला."

"सरी मतलब?"

मी नंतर या प्रश्नाचं पुष्कळ चर्वण केलं आहे. त्याला खरं उत्तर होतं, हिंदीत दोनच अक्षरी: सुना. आणि नुसतं गप्प राहणंही शक्य होतं.

"मतलब, हो गया," मी म्हणालो.

अक्का त्या दिवशी उशिरा आली, सणाची आवराआवर करून. हातात आमच्यासाठी होळिगेचा डबा. पुरणपोळीला ती होळिगे म्हणायची. तो तिने माझ्या टेबलावर ठेवला, तेवढ्यात सरांनी तिला तिथेच, सगळ्यांसमोर विचारलं. तुला चेक करायला सांगितलं होतं का? ती म्हणाली, हो. तू सरी म्हणालीस का? हो, सरी म्हटलं, ती म्हणाली, पण सर, त्याचा अर्थ फक्त ओके, चेक केलं असा नाही. तिचं इंग्रजी चांगलं होतं, पण सरांच्या कानात माझा अर्थ आधी जाऊन बसला होता. त्यांना ते अंग काढून घेणं वाटलं. ते म्हणाले, झालं म्हणून सांगायचं आणि मग फिरवायचं, याला काय म्हणतात.

अक्का माझ्याकडे वळली. आणि मराठीत, शांतपणे म्हणाली,

"सांग त्यांना, सरी म्हणजे काय ते."

सरांना त्या वाक्यातला एकच शब्द कळल्यासारखा वाटला. "सॉरी से क्या होता है, अक्का," ते म्हणाले. "अब सॉरी से क्या होता है."

मी डब्याकडे बघत होतो. स्टीलचा डबा, झाकणावर तिच्या वडिलांचं नाव कोरलेलं. अक्का थांबली होती. माझी वाट बघत होती, हे न बघताही कळत होतं. मी बोललो नाही. मग ती जाऊन आपल्या टेबलाशी बसली. पासवर्ड मला दिला होता हे ती बोलली नाही. ओळ काढून बघितलं असं मी फोनवर म्हणालो होतो, तेही नाही. स्वतःला वाचवायला म्हणून असेल, किंवा मला अजून एक संधी म्हणून. मी तेव्हा सोयीने पहिलं कारण धरलं.

पासवर्ड बदलला गेला. बदलायचं काम सरांनी मला दिलं. इथे सगळं ठीक का दिसत होतं असं त्यांनी विचारलं तेव्हा मी ओट्यावरच्या मशीनचं आणि त्या ओळीचं सांगितलं, आणि ओळी अक्काने घातल्या होत्या हेही सांगितलं, जे खरं होतं. सर म्हणाले, अक्काचं हे जुगाड आधी काढा. चाललं तेव्हा ते मी बसवलेलं होतं. फसलं तेव्हा अक्काचं झालं. मी ते उचलून माळ्यावर ठेवलं. ओट्यावर त्याच्या चौकोनाएवढी जागा कॉफीच्या डागांविना स्वच्छ राहिली होती.

वेबमास्टरची कार्डं माझ्या नावाने छापून आली. ती मी वाटली.

अक्का पुन्हा पानं टाइप करू लागली. माझ्याशी ती भांडली असती तर बरं झालं असतं. तिने दोनच गोष्टी बदलल्या. मला पुणेकर म्हणायची ती सर म्हणायला लागली, आणि मी काही सांगितलं की सरीऐवजी ओके म्हणू लागली. इतरांना सरी, मला ओके. दसऱ्याच्या आधी तिने नोकरी सोडली. निघताना सगळ्यांना येते म्हणाली, त्यात मलाही. त्यानंतर कधीतरी तिच्या दुकानाच्या फोनवरून ऑफिसात फोन आला, तिची कसलीशी कागदपत्रं राहिली होती. आवाज वडिलांचा होता. या वेळी त्यांनी स्वतःची ओळख 'तिचा बाप बोलतोय' अशी करून दिली. मी फोन दुसऱ्याकडे दिला.

पुढे माझं चांगलं झालं. आता एचएसआर लेआउटमध्ये घर आहे, हाताखाली तरुण मुलं आहेत. आम्ही ओट्यावर जे मांडलं होतं ते ही मुलं एका आज्ञेत उभं करतात आणि एका आज्ञेत मोडतात. कुणी झालं म्हणालं की माझ्या तोंडून अजूनही निघतं, "ओळ काढून बघितलंस?" त्यांना कळत नाही कसली ओळ. म्हाताऱ्या माणसाची लकब म्हणून ती हसून सोडून देतात.

यंदा गौरीच्या आधी मी चामराजपेटला गेलो. निमित्त म्हणून एक कुर्ता घेतला, लांबीला कमी करायचा. दुकान होतं तिथेच होतं. गल्ल्यावर अक्का बसली होती. केस पांढरे, चष्मा, गळ्यात टेप. तिने मला लगेच ओळखलं. वडील गेले, दुकान भाऊ बघतो, ती एका शाळेत संगणक शिकवते आणि सणाच्या गर्दीत इथे बसते, असं तिने कुर्ता उलगडता उलगडता सांगितलं. तिच्या बोलण्यात सर नव्हतं, पुणेकरही नव्हतं. हाक टाळून ती बोलत होती.

"किती कमी करायचा?"

मी बोटं दाखवली. ती खडूने खूण करायला लागली आणि मी बोललो. सरी म्हणजे काय ते मला माहीत होतं, तरी सरांना हो गया सांगितलं, असं म्हणालो. तू सांग म्हणालीस तेव्हा मुद्दाम गप्प बसलो. आणि फोनवर ओळ काढून बघितलं म्हणालो, तेही खोटं होतं.

शेवटच्या वाक्याला तिचा खडू थांबला.

"ते फोनवरच कळलं होतं," ती म्हणाली. "तुझं हो हो. म्हणून तर सरी म्हटलं. गेले होते मी बघायला, सुपं अर्धी टाकून. सेंटरला कुलूप. सणासाठी लवकर बंद केलेलं."

एवढ्या वर्षांत हे मला माहीत नव्हतं. सरी म्हणजे ऐकलं, इथवरच मी पोचलो होतो. ती त्या सरीला जागून घरातून निघाली होती.

तिने कुर्त्याची घडी घातली, त्यावर चिठ्ठी टोचली. मी उभाच होतो. पुढे काही येईल असं मला वाटत असावं.

"सरी," अक्का म्हणाली. "बुधवारी ये."

मी बुधवारी गेलो. दुकानात बायकांची गर्दी, ब्लाऊजांचे ढीग. माझा कुर्ता चिठ्ठीसकट होता तसा मागच्या फळीवर दिसत होता. अक्काने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"झालं नाही अजून."

मी म्हटलं, "अक्का, तू सरी म्हणाली होतीस."

"सरी म्हटलं. झालं म्हटलं नाही." तिने समोरच्या बाईचा ब्लाऊज पिशवीत घातला, पैसे घेतले. "गर्दी आहे. गौरीनंतर ये, पुणेकरा."

मागून कुणीतरी मला बाजूला सरकायला सांगत होतं.

"सरी," मी म्हणालो.